उलटं झबलं

चाळीसेक वर्षं मी लोकांचे कोट शिवतो आहे. एवढ्या काळात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. पोट आत ओढून माप देणारी आणि मग पँट घट्ट झाली म्हणून माझ्यावरच डोळे वटारणारी. स्वतःचा एक खांदा उतरलेला, पण खोट कोटात काढणारी. चार वेळा ट्रायल झाल्यावर पाचव्यांदा 'मास्तर, जरा बघा ना' करत येणारी. सगळ्यांना मी पुरून उरलो. पण माझ्या नातीइतकं चिकित्सक गिऱ्हाईक माझ्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. वजन जेमतेम अडीच किलो आणि तोरा असा, की कापडाची घडी चुकीची लागली तरी अंगावर फोड.

ही थट्टा आता सुचते. ती जन्मली त्या दिवशी माझी बोबडी वळली होती.

जावई बोटीवर इंजिनीअर, तेव्हा कुठल्या तरी समुद्राच्या मधोमध. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जे काही नातेवाईक जमले होते, ते सगळे मीच होतो. आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग बराच वेळ कोणी बाहेरच येईना. शेवटी एक उंच डॉक्टरीणबाई आल्या आणि उभ्या उभ्या बोलायच्या ऐवजी माझ्या शेजारी बाकावर बसल्या. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे.

"आजोबा, मुलगी झाली. छान आहे, भूक लागलीय तिला," त्या म्हणाल्या. "पण तिच्या उजव्या पावलावर थोड्या जागी त्वचाच नाही. आणि टॉवेलनं पुसलं तिथं तिथं फोड आलेत."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. हे फार थोड्या बाळांना असतं. कोणाची चूक नाही, आईनं काही खाल्लं-प्यायलं म्हणून झालेलं नाही, कोणाला लागणारंही नाही. आपल्या त्वचेचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, हिचे तसे धरत नाहीत. जरा घासलं की वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरतं.

"म्हणजे कच्चा टाका," मी म्हणालो. "पक्की शिवण घालायची राहिली."

"तसंच समजा."

"मग घाला की पक्की!"

"ती अजून आम्हाला येत नाही," बाई म्हणाल्या. "पण कच्च्या टाक्यावरही मूल मोठं करता येतं. कसं करायचं ते आम्ही शिकवू."

'येत नाही' असं तोंडावर सांगणारं माणूस आमच्या धंद्यातही विरळाच. बाई मला तिथंच आवडल्या.

आता झबल्यांची गोष्ट. नातवंड येणार म्हटल्यावर मी कोट बाजूला सारून अर्धा डझन झबली शिवून ठेवली होती. सगळ्यात मऊ सुती कापड आणलं, पुन्हा पुन्हा धुऊन त्याची खळ घालवली. आतल्या शिवणी दुमडून अशा बंद केल्या की दोऱ्याचं टोक दिसेल तर शपथ. आणि प्रत्येकाच्या मानेशी माझं लेबल लावलं. निळ्या सॅटिनवर सोनेरी अक्षरं: 'मास्तर टेलर्स. फिटिंगची हमी.' लेबल लावल्याशिवाय माझ्या दुकानातून चिंधीसुद्धा बाहेर पडत नाही. शेजारच्या घड्याळवाल्याला स्टुलावर टाकायला गादी शिवून दिली, तिलाही लेबल आहे. तो म्हणतो, बसल्यावर ते कोणाला दिसणार? न दिसू दे. आहे ना? बस्स.

ही झबली घेऊन मी ऐटीत नवजात बाळांच्या वॉर्डात गेलो. तिथली सिस्टर म्हणजे एक प्रकरण होतं. चणीनं काडी, आवाज कधी चढला नाही, पण तिच्यापुढे चूं करायची कोणाची छाती नव्हती. मला 'आजोबा' म्हणायची. अख्खं जग मला मास्तर म्हणतं, माझी बायकोसुद्धा मास्तर म्हणायची. पण ही आपली 'आजोबा'.

तिनं एक झबलं उचललं आणि आतली बाजू स्वतःच्या मनगटावर फिरवली, डोळे मिटून. मला वाटलं, आता वा म्हणेल. तिनं खिशातून कात्री काढली आणि कचकन माझं लेबल कापलं. ते खिशात टाकलं. मग झबलं उलटं केलं, शिवणी बाहेर काढल्या आणि तसंच घडी करून ठेवून दिलं.

"अहो, उलटं केलंत तुम्ही ते!"

"हिच्यासाठी हेच सुलट, आजोबा. शिवण बाहेर राहिली पाहिजे. आतून काही घासायला नको."

"माझी शिवण टोचत नाही."

"तुम्हाला टोचत नाही," सिस्टर म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. जन्मभर मी शिवण लपवण्याचं काम केलं आणि ही बाई ती चव्हाट्यावर मांडते! काहीतरी फटकळ बोलणार होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. माझी मुलगी खाटेवर पोट धरून हसत होती. "बाबा, त्यांनी तुमचं लेबल कापलं! तुमचं लेबल!" बाळ झाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. मग मी काय बोलणार? तिला हसू येत असेल तर माझी सगळी लेबलं कापा म्हटलं.

त्या दिवसापासून सिस्टरची शाळा सुरू झाली. बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही, कधीच नाही. आधी अलगद कुशीवर करायचं, खाली मऊ गादी सरकवायची, पुन्हा तिच्यावर पाठीवर निजवायचं, मग एक हात बुडाखाली, एक मानेखाली आणि गादीसकट वर. हात लावण्याआधी बोटांना पांढरं मलम. डायपरच्या कडेचं इलॅस्टिक कापून टाकायचं. चिकटपट्टी वॉर्डात दिसता कामा नये. फोड आला तर निर्जंतुक सुईनं पाणी काढायचं, पण वरचा पापुद्रा तसाच ठेवायचा, तीच त्याची पट्टी. आणि या सगळ्याच्या वर एक वाक्य, जे ती उठता बसता म्हणायची: "दाबलेलं चालतं, घासलेलं चालत नाही."

"घरी कधी सोडाल?" माझ्या मुलीनं एकदा विचारलं.

"घरात दोन माणसं तयार झाली की," सिस्टर म्हणाली. "पट्टी बदलताना एकानं धरायचं, एकानं बांधायचं. आणि उद्या तू आजारी पडलीस, नुसती झोपलीस, तरी हिचं सगळं करणारं दुसरं कोणीतरी पाहिजे. तोवर मी सोडणार नाही."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मुलगी भराभर शिकली. हात तिच्या आईचा, हलका. माझं मात्र घोडं अडलं. आणि एका दुपारी व्हायचं ते झालं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. लोंबता दोरा दिसला की बोटं आपोआप तिकडे जातात. बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या कॉलरवरचा दोरा मी उपटलेला आहे आणि त्याबद्दल शिव्याही खाल्लेल्या आहेत. त्या दुपारी बाळाच्या पायाला नुकतीच ताजी पट्टी बांधून झाली होती. मी तिच्याजवळ बसून गप्पा मारत होतो, म्हणजे मी बोलत होतो आणि ती ऐकून घेत होती. घोट्यापाशी गॉझचा एक दोरा लोंबत होता. मी काही विचार केला नाही. चिमटीत धरला आणि ओढला.

दोरा सुटला नाही. आतल्या वेढ्यांत अडकलेला होता. पट्टी आवळली, सरकली, तिच्याबरोबर आतलं ड्रेसिंग सरकलं आणि ड्रेसिंगबरोबर कातडी. बाळ किंचाळलं. जन्मली तेव्हाचं तिचं रडणं मला पाठ होतं, हे ते नव्हतं.

सिस्टर आली. ओरडली नाही, तेच वाईट. पट्टी सोडली, मलम लावलं, नवी पट्टी बांधली. बाळ तिच्या हातात हळूहळू शांत झालं. "भरेल ते," ती म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर बसा, आजोबा."

मी बाहेर बसलो नाही. थेट दुकानात आलो आणि शटर अर्धं खाली ओढलं. माझे हात मला नकोसे झाले होते.

त्यानंतर मी वॉर्डात फिरकलो नाही. मुलीचा जेवणाचा डबा घड्याळवाल्याच्या हाती पाठवायचो. तो बिचारा जायचा, परत यायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मी कोटाच्या बाहीत तोंड खुपसून बसायचो. शेवटी मुलीचाच फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"कामाचा ढीग पडलाय इथं."

"कसला ढीग?"

"कोटांचा."

"कोट काय रडतायत का?"

मी हातातली बाही खाली ठेवली. मग म्हणालो, "हे बघ पोरी, माझ्या हातात ती नको. माझा हात धंद्यानं बिघडलेला आहे. जावयाला बोलावून घे. नाहीतर त्याच्या आईला बोलाव."

"त्याची बोट बंदराला लागायला खूप अवकाश आहे. आणि आईंचे हात थरथरतात, त्यांनीच रडत रडत सांगितलं मला. दुसरं कोणीही नाहीये, बाबा. तुम्ही आणि मी. तुम्ही शेपूट घालणार असाल तर तसं सांगा, म्हणजे आम्ही दोघी इथंच संसार मांडतो. चालायला पण ती या वॉर्डातच शिकेल."

"पायाचं कसं आहे?" मी हळूच विचारलं.

"भरत आलाय. आला असतात तर दिसला असता."

आणि तिनं फोन आपटला. आवाज हलका, हात हलका, सगळं आईचं. फोन आपटणं तेवढं माझं.

त्याच दिवशी घड्याळवाला रिकामा डबा घेऊन परतला तो हसत. डब्याबरोबर एक पिशवी होती. पिशवीत एक प्लॅस्टिकची बाहुली, केस उडालेली, आणि पातळ टिश्यू पेपरचा गठ्ठा.

"सिस्टरनं निरोप दिलाय," तो म्हणाला. "पेपर ओला करायचा, बाहुलीला गुंडाळायचा. मग तिला उचलायचं, झबलं घालायचं, काढायचं. पेपर फाटला नाही की या म्हणाल्या. आणि हेही म्हणाल्या की, आजोबा आले नाहीत तर मी दुकानात येईन."

ही बाई खरोखर आली असती. मी पाणी घेऊन आलो.

मग जे सुरू झालं त्याची आठवण काढून आमची गल्ली अजून हसते. कापडं कापायच्या टेबलावर ओल्या कागदातली टकली बाहुली आणि तिच्यावर वाकलेला मी, गळ्यात टेप. पेपर फाटला. पुन्हा गुंडाळला. मानेपाशी फाटला. पुन्हा. बाहीत हात घालताना दंडावर फाटला. टेबलाखाली ओल्या कागदाचा लगदा साचला. मुलाच्या लग्नासाठी सूट शिवायला टाकलेला एक कंत्राटदार आला.

"मास्तर, माझा कोट?"

"हिचं आधी."

"हिचं म्हणजे कोणाचं?"

घड्याळवाल्यानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, कंत्राटदार आता भडकणार. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "डावा हात आधी घाला." मग जो येईल तो बसायला लागला. पँटची लांबी कमी करायला आलेले, काज करायला आलेले, नुसते डोकावायला आलेले. प्रत्येकाला मत. माझ्या दुकानात माझ्यावर ओरडण्याची संधी लोकांना पहिल्यांदाच मिळत होती आणि त्यांनी ती वाया घालवली नाही.

घड्याळवाला मात्र बारकाईनं बघत होता. त्याचा धंदाच तो. "मास्तर, तुमचा हात आधी ओढतो," तो म्हणाला. "मग झटकतो. मग वरून फिरतो. ट्रायलला मलाही तुम्ही असंच करता. मी बोलत नाही, कारण माझी कातडी जाड आहे."

खरं होतं. कोट अंगावर चढवला की शिंपी तो खाली ओढतो, खांदे झटकतो आणि पाठीवरून हात फिरवतो. चाळीस वर्षं मी माणसांना असाच हात लावत आलो होतो. तो हात आता कुठून बदलणार? मी वैतागून बाहुली बाजूला ठेवली आणि कंत्राटदाराच्या सुटाबरोबरच्या सदऱ्याची कॉलर हाती घेतली. तेवढं तरी काम उरकावं म्हटलं.

कॉलर ताठ राहावी म्हणून आत बकरमचं कडक कापड चिकटवायचं होतं. इस्त्री गरम केली. उचलली, ठेवली, दाबली. उचलली, पुढे ठेवली, दाबली. बकरमवर इस्त्री कधी ढकलायची नसते, ढकलली की कॉलरला जन्माची सुरकुती पडते. उचलायची, ठेवायची, दाबायची.

मी तिथंच थांबलो. दाबलेलं चालतं, घासलेलं चालत नाही! माझा हात हे रोज करत होता, फक्त माणसावर कधी केलं नव्हतं.

कॉलर तशीच टाकून बाहुली ओढली. म्हणजे ओढली नाही, उचलली. नवा ओला पेपर. हात सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. बाही ओढायची नाही, बाहीत आपली बोटं घालायची आणि हात धरून आणायचा. झबलं अंगात गेलं. झबलं निघालं. पेपरला टाचणीएवढंही भोक नाही. कंत्राटदार एवढ्या जोरात ओरडला की घड्याळवाल्याच्या दुकानातलं एक बंद घड्याळ चालू झालं असं घड्याळवाला अजून सांगतो. त्याचं काही खरं नसतं.

मी आणखी चांगला सराव करून घेतला आणि मगच वॉर्डात गेलो. बाळ मला बघून रडलं नाही. मीच रडलो थोडा. घोट्यावरची जखम भरली होती, तिथं नुसती गुलाबी झाक होती.

"बसा," सिस्टर म्हणाली. "आज तुमची परीक्षा."

मुलगी खाटेवर स्वतःच्या हातांवर बसली होती, मध्येच मदतीला धावू नये म्हणून. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी बोटांना मलम लावलं आणि बाळाला म्हणालो, "या साहेब, ट्रायल आहे." कुशीवर केलं, गादी, पाठीवर, एक हात बुडाखाली, एक मानेखाली. उचललं. माझ्या हातात ती पहिल्यांदा आली ती अशी. एवढीशी, ऊबदार, आणि मला जोखून बघत होती. मला एवढा आनंद झाला की पुढचं विसरायची वेळ आली. मग निजवलं, पट्टी सोडली, सिस्टरनं पाय धरला, मी नवी पट्टी बांधली. झबलं घातलं, उलटं, म्हणजे तिचं सुलट. बंद बांधले.

आणि तेवढ्यात, सिस्टरनं सकाळी बाळाच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीपाशी मला तो दिसला. लोंबता दोरा.

माझी बोटं निघालीसुद्धा. अर्ध्या वाटेवर मी ती थांबवली. हात तसाच हवेत. खोटं कशाला बोलू, आयुष्यात एवढा जोर मी कुठल्या कात्रीवर लावला नसेल.

"सिस्टर," मी म्हणालो, "दोरा आहे."

"दिसतोय मला."

"कात्री द्या. बोथट टोकाची."

तिनं दिली. मी दोरा न ताणता पट्टीला लागून कापला, कात्री परत दिली आणि मगच श्वास घेतला. बाळानं जांभई दिली. मुलीनं हात बाहेर काढले, ते पार मुंग्या येऊन बधिर झाले होते.

"तुम्ही मुद्दाम ठेवला होतात ना तो?" मी सिस्टरला विचारलं.

"वॉर्डात दोरे असतातच," ती म्हणाली आणि पट्ट्या आवरायला लागली. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही.

मग डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्वचेचा तुकडा लांबच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं होतं. वरच्या थरातला प्रकार, त्यातल्या त्यात सौम्य. "फोड येत राहतील, उकाड्यात जास्त," त्या म्हणाल्या. "पण भरलेल्या जागी व्रण राहणार नाहीत. आणि वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं कमी होत जातं."

"हमी?" मी विचारलं.

"हमी तुमच्या लेबलवर असते. मी फक्त 'बऱ्याच मुलांचं' म्हणाले."

मला तेवढं पुरलं. माझी मुलगी तर आधीच रडत हसत सामान भरायला लागली होती. मी म्हटलं अगं थांब, सिस्टर सोडेल तेव्हा. सिस्टरनं खिशात हात घातला आणि माझं कापलेलं लेबल काढलं, निळं सॅटिन, अजून कोरं करकरीत.

"हे घरी गेल्यावर लावा. सगळ्या झबल्यांना लावा. पण बाहेरच्या बाजूला," ती म्हणाली. "लेबल दिसलं की समजायचं, झबलं बरोबर घातलंय. कोणी चुकून आत-बाहेर केलं तर लांबूनच कळेल. काय, मास्तर?"

पहिल्यांदा ती मला मास्तर म्हणाली. आणि गंमत बघा, मला 'आजोबा'च बरं वाटलं. तसं मी तिला सांगितलंही.

मी बाळाला गादीसकट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर पडलो, मुलगी सामान घेऊन मागे. लिफ्टवाला म्हणाला, "आजोबा, झबलं उलटं घातलंय." दारावरचा पहारेकरी म्हणाला, "बाबा, पोरीचं झबलं उलटं आहे." टॅक्सीवाल्यानंही तेच सांगितलं. एरवी माझ्या शिवणकामाला कोणी नाव ठेवलं तर मी त्याला दुकानाची पायरी उतरवतो. त्या दिवशी मी प्रत्येकाला थांबवून सगळं समजावून सांगत होतो, शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, घरी चला, नाहीतर ही इथंच मोठी होईल."

आमचं घर म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. त्यानंतरचे दिवस पट्ट्या, मलम, दूध, झोप आणि पुन्हा पट्ट्या यांत गेले. फोड आले, बसले, पुन्हा आले. जावई रोज बोटीवरून फोन करून तिला गाणी म्हणून दाखवायचा आणि ती त्याच्या आवाजानं झोपी जायची. तो ते कौतुक समजायचा. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

मग ती सकाळ. मुलगी गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. तिला उठवायचं नाही असं मी ठरवलं. सगळं एकट्यानं केलं. टाचेवर एक छोटा फोड होता, त्याचं पाणी काढलं, सुईची भीती मला कसली? पापुद्रा जागच्या जागी दाबून बसवला. पट्टी बांधली. धुतलेलं झबलं घातलं, शिवण बाहेर, पाठीवर निळं लेबल बाहेर. आणि सवयीनं म्हणालो, "बघा साहेब आरशात, काही राहिलंय का?" असं म्हणून तिला गादीसकट कपाटाच्या आरशासमोर धरलं.

पसंत पडलेलं गिऱ्हाईक मी लगेच ओळखतो. आधी ते उगाच कपाळाला आठ्या घालतं. मग तोंडाचा एक कोपरा हलतो. मग ते आवरायला बघतं आणि त्याला आवरत नाही. हिनंही आधी आठ्या घातल्या. आरशाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. ओठाचा कोपरा हलला. आणि ती हसली. बोळकं पसरून, डोळ्यांपर्यंत, सगळीच्या सगळी हसली.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. फोडांच्या, पट्ट्यांच्या, किंचाळ्यांच्या त्या सगळ्या दिवसांनंतर ही पोर जगाकडे बघून हसत होती, आणि जग म्हणजे तेव्हा मी होतो. मुलीला हाक मारायला मी तोंड उघडलं.

उघडलं आणि मिटलं. खाटेवर ती झोपली होती, हातांना मलमाचा वास, केस विस्कटलेले. एका हसण्यासाठी किती दिवस ती बाळाच्या तोंडाकडे टक लावून बसली होती, ते मला माहीत होतं. मी बाळाला हळूच तिच्या शेजारी निजवलं, बाळाला म्हणालो, "आता जे काय आहे ते आईला दाखवा," आणि चहा टाकायला आत गेलो.

दूध उतू जायला आलं तेवढ्यात किंकाळीच ऐकू आली. "बाबा! बाबा, धावत या! हसली! ही हसली!"

मी चष्मा पुसत पुसत बाहेर आलो. "हो का? कुठे? बघू."

"अहो खरंच! मी डोळे उघडले आणि मला बघून हसली. पहिल्यांदा!"

"आईलाच बघून हसणार," मी म्हणालो. "आम्ही काय, शिंपी माणसं."

गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं आणि बोळकं पसरून पुन्हा हसलं. मी ताकास तूर लागू दिली नाही. लेबल न लावता माझ्या हातून बाहेर पडलेलं हे पहिलंच काम.